उसन्या फितीची परतफेड

भाऊबीजेला आमच्याकडे थोरली आत्या येत असे. वाई तालुक्यातल्या आपल्या गावाहून दोन एस. टी. बदलून ती यायची आणि पाय धुण्याच्याही आधी माजघरातल्या जात्यावरून एकदा हात फिरवायची. ते जाते तिच्या आईचे. घरात गिरणीचे पीठ येऊ लागून कितीतरी वर्षे लोटली होती. परंतु आत्यासाठी म्हणून जाते जागचे हलविण्याचा धीर आम्हा कोणालाच झाला नव्हता. २०११ सालच्या दिवाळीत माझ्या मनाने घेतले की, आत्याच्या जात्यावरच्या ओव्या एकदा चित्रित करून ठेवाव्यात. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी फोटोचे दुकान चालवीत असे, त्याला निरोप धाडला. तो आला तो गळ्यात एक काळा, जाडजूड, फोटो काढायचा कॅमेरा अडकवून.

मी म्हटले, "अरे, फोटो नकोत. चालतं चित्र हवंय, आवाजासकट. व्हिडिओचा कॅमेरा कुठं ठेवलास?"

तो हसला. "तो विकला, गुरुजी. आता लग्नं-मुंजी सगळं ह्याच्यावरच."

त्या दिवशी माजघरात काय घडले ते मी ओघाने सांगणारच आहे. परंतु त्याच्या त्या उत्तराने माझे कुतूहल जे जागे झाले ते पुढे कित्येक महिने स्वस्थ बसेना. फोटो काढायच्या पेटीत चालते चित्र शिरले कधी, आणि हातातला चांगला कॅमेरा विकून टाकण्याइतकी मोहिनी तिने व्यावसायिकांवर घातली कशाने? शास्त्राच्या बाबतीत माझी सारी भिस्त मॅट्रिकपर्यंतच्या पुस्तकांवर. तरीही जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांपुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, हे शिरणे नव्हतेच. ते माहेरी परतणे होते. चालते चित्र हे स्थिर चित्राच्याच पोटी जन्माला आले. १८७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडा दौडत जाताना आडवे ताणलेले दोरे ओढले जाऊन एकेका कॅमेऱ्याचे झाकण उघडेल, अशी योजना केली. लेलंड स्टॅनफर्ड ह्या धनिकाला जाणून घ्यावयाचे होते की, दौडत्या घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी अधांतरी असतात की नाही. असतात, अशी साक्ष त्या चित्रांनी दिली. बारा स्थिर चित्रे ओळीने पाहिली की घोडा धावू लागतो, हे त्यातून लोकांच्या ध्यानी आले.

आपल्याकडचीही हकीकत निराळी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले छायाचित्रकार. १८९६ च्या ७ जुलैला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चालती चित्रे दाखविण्यात आली. त्या नवलाने भारून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, त्या स्वागताचे चित्रणही त्यांचेच. दादासाहेब फाळक्यांनी तर गोध्रा येथे फोटोचा स्टुडिओ चालविला होता. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिल्या प्रथम राजा-राणी रंगविली नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा रोवून ठेवला, आणि रोप वाढेल तसतसे एकेक चित्र घेतले. पडद्यावर क्षणार्धात अंकुर फुटून वेल डोलू लागलेला पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. मला ही गोष्ट 'राजा हरिश्चंद्रा'इतकीच मोठी वाटते. सिनेमाचा कॅमेरा फाळक्यांनी त्या वेळी फोटोच्या कॅमेऱ्यासारखा वापरला होता. २००५ साली 'कॉर्प्स ब्राइड' हा बाहुल्यांचा चित्रपट निघाला तेव्हा नेमके उलट घडले. बाहुली केसभर हलवायची आणि डिजिटल फोटो-कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचे, अशा रीतीने तो सबंध चित्रपट टिपण्यात आला. युक्ती तीच, वाटाण्याची.

आता ह्या दोन भावंडांमधील उसनवारीची कथा. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ ह्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्या काळी फोटोचा कॅमेरा म्हणजे काचेच्या पट्ट्यांसकट वाहून न्यायचे एक बिऱ्हाडच असे, आणि बार्नाकला दम्याचा विकार. सहलीला जाताना ते ओझे त्याला पेलेना. १९१३-१४ च्या सुमारास त्याने एक लहानसा कॅमेरा घडविला आणि त्यात सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फीत घातली. सिनेमातले एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे असे. बार्नाकने फीत उभी न चालविता आडवी चालविली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. माप झाले २४ बाय ३६. १९२५ मध्ये हा कॅमेरा 'लायका' ह्या नावाने बाजारात आला, आणि पुढे साऱ्या जगातील वार्ताहरांच्या, हौशी लोकांच्या, आणि आपल्या अल्बमांमधल्या बारशांच्या आणि सहलींच्या चित्रांचे माप तेच ठरले. सिनेमाच्या घरून आणलेल्या फितीवर फोटोने आपला संसार थाटला. ही उसनवारी फिटायला त्र्याऐंशी वर्षे लागली.

मधल्या काळात चालते चित्र फितीवरून विजेच्या संकेतांवर गेले. व्हिडिओ आला, खेड्यापाड्यांतील लग्नांपर्यंत पोहोचला. परंतु फितीतील काहीतरी त्यात हरवले होते, आणि ते काय हे बघणाराला सांगता येत नसे. एवढेच कळे की हे 'सिनेमासारखे' दिसत नाही. त्याचे एक मोठे कारण मापात होते. चित्र पकडणारी जी चकती कॅमेऱ्यात असते, जिला सेन्सर म्हणतात, ती हातात धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात पुष्कळदा जेमतेम पाच मिलिमीटर रुंद असे. इतक्या लहान चकतीवर जवळचे आणि दूरचे सगळेच सारखे स्पष्ट उमटते. चकती मोठी असली की तेवढाच देखावा टिपायला लांब पल्ल्याचे भिंग लागते, आणि मग तुळशीपाशी ठेवलेली पणती रेखीव दिसते, तर मागच्या ओसरीवरच्या पणत्या सोन्याच्या गोल ठिपक्यांसारख्या विरघळतात. डोळा आपोआप पुढच्या पणतीकडे जातो. दिग्दर्शकाला हवी असते ती नेमकी हीच सत्ता. ती मिळावी म्हणून गरीब चित्रपटवेडे व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे खरवडलेली काच आणि तिच्याही पुढे फोटोचे भिंग बसवून नाना खटपटी करीत.

२००८ च्या २७ ऑगस्टला निकॉन कंपनीने 'डी-९०' हा कॅमेरा जाहीर केला. भिंगे बदलता येणाऱ्या, आरशाच्या जातीच्या डिजिटल फोटो-कॅमेऱ्यांमध्ये चालते चित्र घेणारा हा पहिला. तीनच आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, कॅननने 'फाइव्ह-डी मार्क टू' जाहीर केला. त्याची चकती होती २४ बाय ३६ मिलिमीटरची. म्हणजे बार्नाकचेच माप! व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या त्या नखाएवढ्या चकतीच्या जवळजवळ पन्नासपट क्षेत्रफळ. किंमत २,६९९ डॉलर. त्याच सुमाराला 'रेड वन' ह्या सिनेमाच्या डिजिटल कॅमेऱ्याची नुसती कुडी साडेसतरा हजार डॉलरला पडत होती, आणि तो त्या धंद्यात स्वस्त समजला जाई.

गमतीचा भाग असा की, आपण सिनेमावाल्यांसाठी काही केले आहे ह्याची बनविणारांना फारशी कल्पना नव्हती. वृत्तसंस्थांच्या छायाचित्रकारांना बातमीच्या जागी थोडे चालते चित्रही घेता यावे, एवढाच मूळचा हेतू. व्हिन्सेंट लाफोरे हा अमेरिकन वृत्तछायाचित्रकार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या चमूबरोबर पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी. त्याने कॅननवाल्यांच्या मागे लागून हा कॅमेरा शनिवार-रविवारपुरता मागून घेतला आणि पदरचे पैसे घालून, मित्र जमवून, न्यूयॉर्कच्या रात्रीत 'रेव्हरी' नावाचे एक चिमुकले चित्र तयार केले. कथा म्हणाल तर यथातथाच. परंतु रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात घेतलेली ती काळी-सोनेरी दृश्ये पाहून व्यावसायिकांची झोप उडाली. आठवडाभरात लाखो लोकांनी ते पाहिले. छायाचित्रकाराने एका रात्रीत दिग्दर्शक व्हावे, असे पुष्कळांना वाटू लागले, आणि त्यातल्या पुष्कळांनी ते करूनही पाहिले. निकाल काय लागला ते न सांगितलेले बरे.

मात्र हे वाहन घोड्यासारखे होते. बसणाराला आधी त्याच्या खोडी शिकाव्या लागत. सुरुवातीला उजेड किती घ्यायचा हे कॅमेराच ठरवी. माणूस खिडकीपाशी गेला की चित्र आपले आपण काळवंडे. त्यावर उपाय म्हणून लोक भिंग किंचित पिळून सैल करीत, किंवा कॅननच्या कॅमेऱ्यावर जुनी निकॉनची भिंगे बसवीत. त्यांचे छिद्र हाताने फिरवून लहानमोठे करता येई. २००९ च्या जूनमध्ये कंपनीने ही मोकळीक दिली. दुसरी खोड आपल्या देशाला विशेष जाचक. हा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेई; आपली वीज पन्नास आवर्तनांची. तीस आणि पन्नास ह्यांचे पटत नाही, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्रात काळसर पट्टे धावत. सेकंदाला चोवीस आणि पंचवीस चित्रांची सोय २०१० च्या मार्चमध्ये झाली, तेव्हा आपल्या मांडवांना स्वस्थता लाभली.

काही खोडी तर जन्मजातच होत्या. चकतीवर दोन कोटी दहा लाख बिंदू, आणि व्हिडिओच्या एका चित्राला लागतात वीस लाख. सगळे बिंदू वाचायला वेळ नाही, म्हणून कॅमेरा मधल्या ओळी गाळून वाचे. परिणामी बारीक चौकड्यांचे लुगडे किंवा कौलांची ओळ पडद्यावर आली की त्यात इंद्रधनुष्यी लाटा उठत. चित्र वरून खाली ओळीओळीने वाचले जाई. तेवढ्यात कॅमेरा झर्रकन फिरला तर विजेचे खांब दारू प्याल्यासारखे तिरपे होत. एका दमात बाराएक मिनिटे झाली की चार गिगाबाइटचा मापट्या भरे आणि काम थांबे. पुढच्या कॅमेऱ्यांत ही अडचण सरली, तरी अर्धा तास भरायला एक सेकंद कमी असता चित्रण बंद व्हायचे. कारण तीस मिनिटे चालणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात लागे! जकात चुकविण्यासाठी नवरदेवाच्या बोहल्यावर कॅमेरा मध्येच झोपी जावा, ह्याला काय म्हणावे?

आणि सगळ्यांत मोठी खोड आवाजाची. फोटो-कॅमेऱ्याला कान कुठून असणार? एक बारीकसे छिद्र, त्यामागे मायक्रोफोन, आणि आवाज लहान झाला की वाढविणारी, मोठा झाला की दाबणारी आपोआप चालणारी यंत्रणा. ही यंत्रणा बंद पाडता यावी, आवाज किती येतो तो काट्यावर दिसावा, म्हणून २००९ साली ट्रॅमेल हडसन ह्या संगणकतज्ज्ञाने 'मॅजिक लँटर्न' नावाची जोडयंत्रणा स्वतःच लिहून काढली आणि जगाला फुकट वाटली. जाणते लोक आवाज निराळ्या यंत्रावर घेत आणि दोन्ही जुळविण्यासाठी आरंभी कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवीत, अगदी जुन्या बोलपटांच्या काळासारखी.

इतक्या खोडी असूनही मोठमोठ्यांनी तो उचलला. अमेरिकेतल्या 'हाउस' ह्या मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग १७ मे २०१० रोजी दाखविण्यात आला; तो सबंध ह्या फोटो-कॅमेऱ्याने घेतला होता. कथेत कोसळलेल्या इमारतीखाली एक बाई अडकलेली असते. त्या बिळात मोठा कॅमेरा शिरलाच नसता. 'ब्लॅक स्वान'मधील भुयारी रेल्वेतली दृश्ये धाकट्या 'सेव्हन-डी'ने घेतली. २०१२ चा 'ॲक्ट ऑफ व्हॅलर' हा युद्धपट बव्हंशी 'फाइव्ह-डी'वर झाला. आपल्याकडे राम गोपाल वर्मांनी २०११ मध्ये 'दोंगल मुठा' हा तेलुगू चित्रपट ह्याच जातीच्या कॅमेऱ्यांवर पाच दिवसांत उरकला. उरकला हाच शब्द योग्य.

परंतु माझ्या मते ह्या पेटीचे खरे चीज झाले ते मुंबईत, अमोल गुप्ते ह्यांच्या हातून. त्यांचा 'स्टॅनली का डब्बा' १३ मे २०११ ला प्रदर्शित झाला. शाळेत डबा न आणणाऱ्या एका मुलाची ती गोष्ट. आणि दुसऱ्यांच्या डब्यांवर डोळा ठेवणाऱ्या एका शिक्षकाची, जी भूमिका गुप्त्यांनी स्वतःच केली. शनिवारी शाळेत मुलांच्या कार्यशाळा भरवायच्या, खेळ खेळायचे, आणि त्या ओघात 'सेव्हन-डी' कॅमेऱ्याने छायालेखक अमोल गोळे ह्यांनी चित्रण करायचे, अशी पद्धत. मी रोज पन्नास मुलांपुढे उभा राहणारा माणूस. वर्गात इन्स्पेक्टर आले की मुलांचे चेहरे कसे इस्त्री केल्यासारखे होतात, हे मला ठाऊक आहे. सिनेमाचा मोठा कॅमेरा म्हणजे तर दहा इन्स्पेक्टर. फोटोच्या कॅमेऱ्यापुढे मात्र मूल मूलच राहते. फार तर जीभ काढून दाखवते. त्या चित्रपटातील पोरे खरोखर डबा खातात, खरोखर बोलतात. हे भिंगाचे यश नव्हे, पेटी लहान असण्याचे यश.

आमच्या तालुक्यातही लग्नांचे रूप पालटले ते ह्याच सुमारास. पूर्वी व्हिडिओवाला हजार वॅटचा दिवा नवरीच्या तोंडासमोर धरी आणि मागे एक पोऱ्या वायरीचे भेंडोळे सांभाळीत फिरे. अंतरपाटाच्या आडून घाम निथळणारे नवरदेव मी अनेक पाहिले आहेत. मोठ्या चकतीला मांडवातला उजेडच पुरू लागला. दिवा गेला, पोऱ्या गेला. त्या पोऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. आणि धूसर पार्श्वभूमीचा तर असा अतिरेक झाला की, नाकाचा शेंडा स्पष्ट आणि कान गायब, अशा नवऱ्या-मुली दोन-चार वर्षे आम्ही मुकाट्याने पाहिल्या.

माझा विद्यार्थी ह्यातलाच. भाऊबीजेच्या त्या सकाळी त्याने माजघरातली ट्यूब बंद करविली, पूर्वेची खिडकी उघडली आणि कॅमेरा जात्यापाशी, जवळजवळ जमिनीला टेकवून लावला. "आवाजाचं निराळं यंत्र भाड्यानं मिळतं, गुरुजी, पण पुण्याहून आणावं लागेल, हजारभर रुपये जातील," असे त्याने चार दिवस आधी विचारले होते. मीच म्हटले होते, "कशाला? कॅमेऱ्यात येतोच ना आवाज?"

आत्या बसली. खुंटा धरला. त्याला म्हणाली, "लेकरा, मी तुझ्याकडं बघू का जात्याकडं?"

"तुम्ही नेहमीसारखं करा, आजी."

तिने वीसएक मिनिटे दळले, आणि चार ओव्यांच्या माळा गायिल्या. दोन मी जन्मात कधी ऐकल्या नव्हत्या. त्या लिहून घ्याव्यात असे मनात आले, पण कॅमेरा चालू होता. कागदाचा आवाज नको म्हणून मी हलकेच पेन खिशात ठेवले.

संध्याकाळी संगणकावर आम्ही ते पाहिले. चित्र असे की पाहत राहावे. खिडकीतून आलेला तिरपा उजेड, पाळ्यांमधून झरणारे पीठ, त्यामागे आत्याचे सुरकुतलेले मनगट आणि चेहरा. आणि आवाज? जात्याची घरघर. कॅमेरा जात्याच्या कुशीत. यंत्रणेने आपले काम चोख केले होते. घरघर वाढली की सगळेच दाबायचे, ती थांबली की सगळेच वर उचलायचे. घास टाकायला आत्या थांबे तेवढ्यात तिचा एखादा श्वास आणि बाहेरचा फटाका ऐकू येई. गाणे खाली बुडालेले. विद्यार्थ्याने पुढे महिनाभर खटपट केली. घरघर काढली तर आत्याही जाई.

"पुढच्या भाऊबीजेला पुन्हा करू," असे आम्ही ठरविले. पुढच्या भाऊबीजेला आत्या नव्हती.

ह्या पेटीचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. कंपन्या शहाण्या झाल्या. ३ नोव्हेंबर २०११ ला कॅननने खास सिनेमासाठी 'सी-३००' जाहीर केला. पॅनासोनिक आणि सोनी ह्यांनी आरसाच काढून टाकलेले कॅमेरे आणले. २०१९ मध्ये पॅनासोनिकचा एक आरसाविरहित कॅमेरा नेटफ्लिक्सच्या मान्य यादीत जाऊन बसला. २०२३ चा 'द क्रिएटर' हा भव्य चित्रपट सोनीच्या ज्या 'एफएक्स-३'वर झाला, तो त्यांच्या फोटो-कॅमेऱ्याचाच सख्खा भाऊ. आणि २०२४ मध्ये निकॉनने, त्या 'डी-९०'वाल्या निकॉनने, सिनेमाचे कॅमेरे बनविणारी रेड कंपनीच विकत घेतली.

माझा विद्यार्थी आता आवाजाचे यंत्र स्वतःचे बाळगतो. लग्नात अक्षता पडण्यापूर्वी तो कॅमेऱ्यापुढे येऊन एक टाळी वाजवितो. लोकांना वाटते मंगलाष्टके सुरू झाली.

आत्याचे ते चित्र आम्ही दर भाऊबीजेला लावतो. धाकटी आत्या आता नव्वदीला टेकली आहे. ती पडद्याच्या अगदी पुढ्यात बसते. आम्ही आवाज बंद करतो. बहिणीचे ओठ हलताना पाहून ती एकेक ओवी ओळखते आणि म्हणते, मी वहीत उतरून घेतो. तीन माळा अशा हाती लागल्या आहेत. चौथीला आत्याने जात्याकडे मान वळविली आहे, आणि ओठ पदराच्या काठाआड गेले आहेत. धाकटी आत्या दर वर्षी तिथे चित्र थांबवायला सांगते, चष्मा पुसते, आणि म्हणते, "पुन्हा एकदा लाव रे."